धागा, अवांतर आणि वाचनमात्र : मराठी संस्थळांवरील प्रश्नोत्तरव्यवहाराची समीक्षा

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या जोडीने पत्रव्यवहार, रोजनिशी, प्रवासवृत्त व वृत्तपत्रीय लेखन यांचाही वाङ्मयीन पुरावा म्हणून कालांतराने स्वीकार केला. १८३२ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’मधील वाचकांची पत्रे असोत, वा १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये प्रसिद्ध झालेली लोकहितवादींची शतपत्रे असोत, एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र कोणत्या प्रश्नांनी अस्वस्थ होता, हे आपण त्यांच्या आधारे वर्गात सांगतो. मात्र गेल्या तीन दशकांत मराठी माणसांनी इंटरनेटवर परस्परांना जे असंख्य प्रश्न विचारले आणि त्यांना जी उत्तरे दिली, त्या लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या प्रमाणात गेलेले नाही. ‘गप्पा’ या एका शब्दात त्याची बोळवण होते.

प्रस्तुत लेखात मायबोली (१९९६), मनोगत (२००४), उपक्रम व मिसळपाव (दोन्ही २००७) आणि ऐसी अक्षरे (२०११) या संस्थळांवर रूढ झालेल्या चर्चापद्धतीचा समीक्षात्मक विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. सदस्यसंख्या वा लेखनसंख्या यांचे सर्वेक्षण हा लेखाचा हेतू नाही. तसेच बहुतेक सदस्य टोपणनावाने लिहीत असल्याने कोणाचेही लेखन येथे उद्धृत केलेले नाही. अभ्यासविषय आहे तो या समुदायांनी घडविलेला व्यवहार आणि त्या व्यवहाराने मराठीला दिलेली परिभाषा.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : अशा समुदायात माहिती केवळ उत्तरात साठविलेली नसते, प्रश्न दुरुस्त होत जाण्याच्या प्रक्रियेत ती आकार घेते. म्हणून संवाद वगळून केवळ उत्तर उचलले, तर माहितीचा एक महत्त्वाचा भाग हातातून निसटतो.

२. माहितीची गरज आणि प्रश्नाची घडण

ग्रंथालयशास्त्रात या प्रक्रियेचा विचार इंटरनेटच्या पुष्कळ आधी झालेला आहे. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये ग्रंथपाल आणि वाचक यांच्यातील प्रश्नोत्तरांचा अभ्यास करताना माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या कल्पिल्या. पहिली पायरी शब्दांत न उतरलेल्या अस्वस्थतेची; दुसरी मनातल्या मनात जाणवलेल्या गरजेची; तिसरी नीट मांडलेल्या प्रश्नाची; आणि चौथी, समोरच्या यंत्रणेला कळेल अशा बेताने मुरड घातलेल्या प्रश्नाची. वाचक ग्रंथपालापुढे उभा राहतो तो या चौथ्या पायरीवर. चांगला ग्रंथपाल त्याला उलट प्रश्न विचारून मागे, मूळ गरजेपर्यंत नेतो.

संस्थळावरील धाग्यात हेच काम अनेक जण मिळून करतात. ‘धागा’ म्हणजे एका विषयाखाली क्रमाने येणारे लेखन व त्यावरील प्रतिसाद. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परदेशात राहणारी एखादी सदस्या विचारते की, साखरेचा पाक किती मिनिटे उकळावा? या प्रश्नाचे थेट उत्तर देणे शक्य आहे. परंतु जाणकार सदस्य ते देत नाहीत. पाक कशासाठी, एकतारी की दोनतारी, भांडे जाड बुडाचे आहे का, रवा बारीक की जाड, असे उलट प्रश्न येतात. तीन-चार प्रतिसादांनंतर उलगडते की, रव्याचे लाडू वळले जात नाहीत, ही मूळ अडचण आहे. मिनिटांचा प्रश्न मागे पडतो. पाकाचा थेंब दोन बोटांत धरून तार पाहावी, हे उत्तर पुढे येते. मग कोणी वाटीच्या मापातील आणि परदेशी कपाच्या मापातील फरक सांगते, तर कोणी मिश्रण झाकून किती वेळ मुरू द्यावे, ते सुचविते.

या उदाहरणात मूळ प्रश्न अपुरा होता, आणि त्याला दिलेले नेमके उत्तरही निरुपयोगी ठरले असते. उपयुक्त माहिती निर्माण झाली ती विचारणारी आणि सांगणारे यांच्या देवघेवीतून. घरातील वडीलधाऱ्या बाईच्या शेजारी उभे राहून जे शिकता आले असते, ते घर दुरावलेल्या माणसांनी लिखित रूपात पुन्हा उभे केले. मायबोलीवरील ‘युक्ती सुचवा, युक्ती सांगा’ या स्वरूपाच्या धाग्यांचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात घ्यावे लागते. पाककृतीच्या छापील पुस्तकात कृती असते; बिघडलेल्या पदार्थाला तेथे सहसा जागा नसते.

३. परिभाषेची साक्ष

एखादा समुदाय आपल्या व्यवहाराविषयी काय विचार करतो, हे त्याने घडविलेल्या शब्दांवरून कळते. मराठी संस्थळांनी इंग्रजी संज्ञांचे केवळ भाषांतर केले नाही. अनेक ठिकाणी मूळ कल्पनेचा रोखच बदलला.

‘वाचनमात्र’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. चर्चा वाचणारा पण स्वतः न लिहिणारा माणूस, या अर्थाच्या इंग्रजी शब्दात दबा धरून बसण्याची, म्हणजे संशयाची छटा आहे. ‘वाचनमात्र’ या समासात ती नाही. येथे मौन हा दोष ठरत नाही. तो सहभागाचा एक प्रकार ठरतो. याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार अशा समुदायांत सुमारे ९० टक्के लोक केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का लोक बहुतांश लेखन करतात. हा ठोकताळा ढोबळ आहे. तथापि तो प्रमाण मानला, तर उत्तर देणारा सदस्य विचारणाऱ्या एकासाठी जे लिहितो, ते वस्तुतः न दिसणाऱ्या अनेकांसाठी असते. कीर्तनातील श्रोत्याप्रमाणे वाचनमात्र हा या व्यवहाराचा मूक परंतु आवश्यक घटक आहे.

‘अवांतर’ हा दुसरा शब्द. मूळ विषयापासून दूर जाताना प्रतिसाद देणारा स्वतःच आपल्या मजकुराच्या आरंभी ‘अवांतर’ असे लिहितो. हा शिस्तीचा आणि सौजन्याचा संकेत आहे. विषयांतर होत असल्याची कबुलीही त्यात आहे आणि त्याला मिळालेली परवानगीही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखविले की, नवी माहिती अनेकदा निकटच्या आप्तांपेक्षा दूरच्या, सैल ओळखीच्या माणसांकडून येते, कारण आप्तांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. मार्सिया बेट्स यांनी १९८९ मध्ये माहितीचा शोध हा रानातील फळे एकेक करून वेचण्यासारखा असतो, आणि वेचता वेचता शोधणाऱ्याचा प्रश्नही बदलतो, असे प्रतिपादन केले. अवांतर प्रतिसाद हे या दोन्ही विचारांचे मराठी उदाहरण होय. शहर बदलण्याविषयीच्या धाग्यात शाळाप्रवेशाची, किंवा जुन्या गाण्याविषयीच्या धाग्यात एखाद्या लुप्त वाद्याची माहिती मिळू शकते ती याच वाटेने.

तिसरा शब्द ‘व्यनि’, म्हणजे व्यक्तिगत निरोप. सार्वजनिक चर्चेतून खासगी पत्रव्यवहारात जाण्याचे हे दार. संकोचाच्या विषयांत ते आवश्यकही आहे. तथापि, धाग्यात प्रश्न स्पष्ट दिसतो आणि त्याखाली केवळ निरोप पाठविल्याची नोंद उरते, तेव्हा काही वर्षांनी येणाऱ्या वाचकाला एवढेच समजते की, उत्तर होते आणि ते आपल्यासाठी नव्हते. याच्या उलट ‘वाचनखूण’ हा शब्द खासगी स्मरणाला सार्वजनिक पोचपावती बनवितो. मिसळपाववर वाचनखूण साठविल्याचे सदस्य प्रतिसादात आवर्जून सांगत, तेव्हा ती लेखकाला दिलेली दादही असे आणि पुढच्या वाचकाला केलेली शिफारसही.

मायबोलीवरील ‘वाहते पान’ ही कल्पनाही अशीच विचारार्ह आहे. गप्पांच्या काही पानांवर नवे लेखन आले की जुने आपोआप नाहीसे होते. म्हणजे काय टिकवावे आणि काय वाहू द्यावे, याचा विवेक समुदायाने स्वतःच केला. माहितीपर धागा टिकतो. ओट्यावरची गप्पा वाहून जाते. सर्व काही साठविण्याच्या यांत्रिक वृत्तीपेक्षा हा विवेक अधिक मानवी आहे, असे म्हणता येईल.

‘ऐसी अक्षरे’ने प्रतिसादांना श्रेणी देण्याची पद्धत स्वीकारली. अशी पद्धत स्लॅशडॉट या अमेरिकी संस्थळावर आधीपासून रूढ होती. मात्र माहितीपूर्ण, रोचक, विनोदी, मार्मिक, भडकाऊ यांच्या पंगतीला येथे ‘खवचट’ ही श्रेणी येऊन बसली. खवचट प्रतिसाद मार्मिक असू शकतो आणि दुखावणाराही. तो निखळ स्तुतीत बसत नाही, निखळ निषेधातही बसत नाही. मराठी बोलण्यातील एका खास वृत्तीला समुदायाने मूल्यमापनाच्या कोष्टकात स्थान दिले, ही बाब समीक्षकाने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

४. कोठार आणि कट्टा

या व्यवहाराचे वेगळेपण दुसऱ्या एका आदर्शाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. संगणकतज्ज्ञांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संस्थळाने गप्पांना हेतुपुरस्सर फाटा दिला. अभिवादन व आभारप्रदर्शन तेथे अनावश्यक मानले जाते. आधी विचारलेला प्रश्न पुन्हा आल्यास तो बंद करून जुन्याशी जोडला जातो. उत्तम उत्तर मतांनी वर चढते. माहिती स्वच्छ पाखडून कणगीत भरावी, तशी ही रचना आहे. तिला ‘कोठार’ म्हणू. मराठी संस्थळांची रचना ‘कट्ट्या’ची आहे. तेथे तोच प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्याला दरवर्षी थोडे वेगळे उत्तर मिळते.

कोठाराचे गुण नाकारता येत नाहीत. नेमक्या प्रश्नाला तपासलेले उत्तर तेथे तत्काळ सापडते. परंतु प्रश्न नेमका करण्याची जबाबदारी तेथे प्रामुख्याने विचारणाऱ्यावरच पडते. ज्याला अजून नीट विचारता येत नाही, म्हणजे जो टेलर यांच्या पहिल्या वा दुसऱ्या पायरीवर आहे, त्याला तेथे कानकोंडे व्हावे लागते. कट्टा अशा माणसाला सामावून घेतो. उलट पक्षी, कट्ट्यावरील ज्ञान विखुरलेले राहते. शेकडो प्रतिसादांच्या धाग्यात नेमके वाक्य शोधणे जिकिरीचे होते. मराठी विकिपीडियाने (२००३) लेख आणि चर्चा यांची पाने वेगळी ठेवून, तसेच सार्वत्रिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे नाव देऊन या दोन आदर्शांत एक तडजोड साधली आहे. तेथे निर्णय लेखात दिसतो आणि त्यामागचा वाद चर्चापानावर शिल्लक राहतो.

५. शोधाची भाषिक अडचण

कट्ट्यावरील माहिती सापडत नाही, याला मराठी भाषेची व लिपीची म्हणून काही कारणे आहेत. पहिले कारण लिपीचे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी इंटरनेटवरील पुष्कळसे मराठी लेखन रोमन लिपीत अथवा विशिष्ट टंकांत होत असे. रोमन लिपीत एकच शब्द प्रत्येक जण आपापल्या परीने लिही. टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय सर्वसामान्य संगणकावर येऊ लागली, तरी त्याआधीचा मजकूर आजच्या देवनागरी शोधाला सहजी गवसत नाही.

दुसरे कारण संकेतनाचे. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. तोपर्यंत ‘अ’ला वरचा चंद्र जोडून ते लिहिले जाई. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. साध्या शोधयंत्रणेला ते दोन भिन्न शब्द वाटतात. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतील अर्ध्या ‘र’ची गतही अशीच आहे.

तिसरे कारण व्याकरणाचे. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘आंबा’ शोधणाऱ्याला ‘आंब्याचे’, ‘आंब्याला’, ‘आंब्यांपासून’ ही रूपे अक्षरशः जुळत नाहीत. त्यातच ऱ्हस्व-दीर्घाचे वैविध्य. परिणामी ‘आधी शोधा, मग विचारा’ हा नियम मराठी सदस्याला सांगणे अनेकदा अन्यायाचे ठरते. शोधून सापडत नाही म्हणून तो विचारतो, आणि विचारल्यावर एखादा जुना सदस्य त्याला संबंधित धाग्याचा दुवा देतो. येथे समुदायाची स्मरणशक्ती हीच खरी सूची असते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. ते येथे यंत्राने पाळले नाही, तर माणसांनी पाळले.

६. व्यवहाराच्या मर्यादा

या व्यवहाराचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य होणार नाही. त्याच्या तीन मर्यादा विशेष ठळक आहेत.

पहिली मर्यादा सामाजिक. आरंभीच्या काळात संगणक, इंटरनेट आणि मोकळा वेळ ज्यांच्यापाशी होता, त्यांचाच हा कट्टा होता. परदेशस्थ व शहरी सुशिक्षितांच्या प्रश्नांना तेथे स्वाभाविकपणे अधिक जागा मिळाली. पाकाच्या तारेविषयी तेथे पुष्कळ सापडेल. सात-बाराच्या उताऱ्यावरील फेरफाराविषयी किंवा उसाच्या थकलेल्या बिलाविषयी तितके सापडेलच असे नाही. जे कोणी विचारलेच नाही, ते माहिती म्हणून शिल्लक राहत नाही.

दुसरी मर्यादा भाषिक. शुद्धलेखनाचा आग्रह काही संस्थळांनी धरला. मनोगतवर तर शुद्धिचिकित्सकाची सोय होती. प्रमाणलेखनाच्या दृष्टीने हे कार्य मोलाचेच आहे. परंतु प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्याची वेलांटी दुरुस्त करण्यात धन्यता मानली जाते, तेव्हा बोलीत विचार करणारा माणूस वाचनमात्र होऊन जातो. त्याचे मौन वर उल्लेखिलेल्या स्वेच्छेच्या मौनाहून वेगळे आहे. बाहेरून मात्र दोन्ही मौने सारखीच दिसतात.

तिसरी मर्यादा अधिकाराची. कट्ट्यावर विश्वास बसतो तो ज्ञानामुळे आणि परिचयामुळेही. नित्य दिसणारे टोपणनाव आपले वाटू लागते. पाककृतीत याची जोखीम अल्प असते. औषधोपचार, कायदा किंवा गुंतवणूक यांत ती मोठी असते. ‘कंपू’ हा शब्द संस्थळांवर निंदार्थी रूढ झाला, तो परस्परांच्या मताला केवळ मैत्रीपोटी पुष्टी देण्याच्या प्रवृत्तीमुळे. एकाच व्यक्तीने अनेक नावांनी वावरण्याला ‘डुआयडी’ असे नाव पडले, यावरूनही अशा सहमतीच्या खरेपणाविषयी समुदायाला शंका होती, हे दिसते. आपल्या रोगांना नावे देण्याइतका हा समुदाय सावध होता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

७. जतनाचा प्रश्न

हा सर्व विचार आज निकडीचा होण्याचे कारण असे की, या लेखनाचे अस्तित्व अनिश्चित आहे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. भारतात लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात आणि याहू आन्सर्स ४ मे २०२१ रोजी संपले. या प्रत्येक वेळी लोकांनी लोकांसाठी लिहिलेले बरेच काही नाहीसे झाले. आपल्याकडे १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यामुळे छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचते आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्या कक्षेत आली. परंतु तो कायदा छापील शब्दासाठी घडलेला आहे. धाग्याला त्यात स्थान नाही.

दुसरीकडे, संवाद आता मोठ्या प्रमाणात बंदिस्त गटांत गेला आहे. व्हॉट्सॲपच्या गटात प्रश्न विचारला जातो, उत्तरही मिळते. पण ते गटाबाहेरच्या वाचकाला दिसत नाही. तेथे सगळेच ‘व्यनि’ आणि सगळेच ‘वाहते पान’. संस्थळांनी जो विवेक शब्दांत बांधला होता, तो तेथे लागूच पडत नाही.

तिसरे परिवर्तन ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यानंतरचे. उलट प्रश्न न विचारता लगेच, नीटस उत्तर मांडणे ही अशा साधनांची सामान्य प्रवृत्ती आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टॅक ओव्हरफ्लोने यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर तात्पुरती बंदी घातली. दिसायला चांगली परंतु पुष्कळदा चुकीची उत्तरे मोठ्या संख्येने येत होती, हे त्यामागचे कारण होते. येथे प्रश्न साधनांच्या वापराला विरोध करण्याचा नाही. ‘पाक किती मिनिटे उकळावा?’ याला मिनिटांतच उत्तर मिळाले, तर लाडू का वळत नाहीत हे कधीच कळणार नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) मराठी संस्थळांवरील प्रश्नोत्तरांत माहितीचा शोध आणि संवाद हे विलग व्यापार नाहीत. प्रश्न दुरुस्त होणे हाच शोधाचा गाभा आहे.

२) वाचनमात्र, अवांतर, व्यनि, वाचनखूण, वाहते पान, खवचट या संज्ञा म्हणजे संवादाविषयीचे मराठी चिंतन आहे. कोशकारांनी व भाषाभ्यासकांनी त्यांची नोंद संदर्भासह घेणे आवश्यक आहे.

३) या व्यवहारातील वगळणूक, म्हणजे कोणी विचारले नाही आणि का विचारले नाही, हाही अभ्यासाचा तितकाच महत्त्वाचा विषय आहे.

४) जतन करताना उत्तरांचे संकलन पुरेसे नाही, धागा त्याच्या क्रमासह, अवांतरासह व मतभेदासह जतन झाला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्याबाबत महाविद्यालयांना प्रत्यक्ष काही करता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून एखाद्या धाग्याची, सदस्यांच्या व संस्थळाच्या अनुमतीने, टीपांसह संपादित प्रत तयार करून घेता येईल. जुन्या पत्रांच्या संपादनासाठी जी पाठचिकित्सा आपण शिकवितो, ती येथे उपयोगी पडेल. प्रश्न प्रथम कसा विचारला गेला, तो कोठे वळला आणि कोणाच्या कोणत्या शब्दाने वळला, हे विद्यार्थ्याला त्यातून दिसेल. ‘इंटरनेटवरून उतरवून आणले’ अशी तक्रार आपण विद्यार्थ्यांविषयी नेहमी करतो. उत्तर कसे घडते हे त्यांनी एकदा पाहिले, तर ते उतरवून घेण्याआधी आपला प्रश्न तपासण्याची सवय त्यांना लागण्याचा संभव आहे.